फिकट रंगाच्या लेदर सीट काळपट आणि चिकट झाल्या आहेत. स्वच्छ कशा कराव्यात आणि नंतर कशा जपाव्यात?

दुसरा_मालक

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपूर्वी मी सात वर्षे वापरलेली गाडी विकत घेतली. तिच्या सीट फिकट बदामी लेदरच्या आहेत, निदान आधीच्या मालकाने तसे सांगितले. व्यवहाराच्या दिवशी त्या इतक्या तुकतुकीत दिसत होत्या की गाडी पसंत पडण्यात त्या चकाकीचाही थोडा हात होता, हे कबूल करायला हवे. ती चकाकी टिकावी म्हणून मी दर महिन्याला भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून सीट पुसत आलो आणि त्यावर चमक आणणारे एक लोशन लावत आलो.

आता चालकाची सीट उन्हात तापली की सदरा पाठीमागून तिला चिकटतो आणि उठताना चर्रर असा बारीक आवाज येतो. धूळ सकाळी पुसावी तर संध्याकाळी पुन्हा बसलेली असते. दाराकडची उंच कड, जिच्यावरून आपण घसरत आत-बाहेर करतो, ती राखाडी पडली आहे; मांडीखालच्या भागावर निळसर झाक आली आहे, ती बहुधा जीन्सची असावी; आणि कडेच्या सुरकुत्यांमध्ये केसाएवढ्या रेषा दिसू लागल्या आहेत. मागची सीट मात्र बरी आहे. विशेष म्हणजे तिला चकाकी जवळजवळ नाहीच.

हे खरे लेदर आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे, हा निळेपणा निघण्यासारखा आहे का, आणि एकदा सीट स्वच्छ झाल्यावर त्यावर नेमके काय लावावे किंवा लावू नये, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

फेसवाला

नमस्कार. गाड्यांची आतली सफाई हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या मागच्या सीटला चकाकी नाही, हेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिचे लेदर बहुतेक वेळा मंद, जवळजवळ चमकहीन असते. तुम्हाला आवडलेली ती तुकतुकी म्हणजे अंगाचा तेलकटपणा, घाम, धूळ आणि आधीच्या मालकाने फासलेले लोशन यांचा मेणचट थर होता. त्यावर तुम्ही आणखी सहा थर चढवलेत. तेव्हा आता सीट पुन्हा चमकवायची नसून तिची चमक उतरवायची आहे.

खऱ्या-खोट्याविषयी: बोटाने सीट हलकेच दाबा. खऱ्या लेदरवर बोटाभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या पसरतात, तर कृत्रिम आवरण बहुधा एकसंध खाली दबते आणि त्याचे पोत सगळीकडे छापल्यासारखे दिसते. मात्र यावर फार वेळ घालवू नका. अनेक गाड्यांमध्ये आपण बसतो आणि टेकतो तेवढाच भाग लेदरचा असतो. सीटच्या बाजू, मागची पाठ आणि दारांवरचे आवरण व्हिनाइलचे, म्हणजे लेदरसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकचे असते. स्वच्छतेची रीत दोन्हींना एकच चालते. त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती पाण्याच्या थेंबाची चाचणी. सीटखालच्या न दिसणाऱ्या, स्वच्छ भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मण्यासारखा उभा राहिला तर लेदरवर रंगाचा संरक्षक लेप आहे. तो शोषला जाऊन डाग गडद झाला तर लेदर लेपाविना आहे, आणि मग माझी पुढची पद्धत वापरू नका.

पद्धत अशी. प्रथम व्हॅक्यूमच्या नळीला मऊ ब्रशचे तोंड लावून सीट झाडून घ्या. बसण्याचा भाग आणि पाठ यांच्यामधली खाच दोन बोटांनी फाकवून आतली वाळू काढणे हे या सगळ्यातले सर्वांत उपयोगी काम आहे, कारण तीच वाळू पुढे ब्रशखाली येऊन ओरखडे पाडते. नंतर गाडीच्या लेदरसाठी बनवलेला, पाण्याचा आधार असलेला सौम्य क्लीनर घ्या. तो सीटवर फवारू नका, घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशवर घ्या आणि वीतभर चौकोनात, अजिबात जोर न लावता, गोल फिरवत फेस काढा. पांढरा फेस काही सेकंदांत मळकट तपकिरी होईल. तो वाळण्यापूर्वी ओलसर, पिळून घेतलेल्या मायक्रोफायबर कापडाने उचलून घ्या. उचलून म्हणतो, कारण रगडले तर सैल झालेला मळ पुन्हा सुरकुत्यांत जाऊन बसतो. कापडाची घडी बदला, शेजारच्या चौकोनाकडे जा. तुमच्या सीटला अशा दोन किंवा तीन फेऱ्या लागतील. कापडावर राखाडी मळाऐवजी सीटचाच बदामी रंग उतरू लागला, तर त्याच क्षणी थांबा.

सीटला बारीक छिद्रे असतील तर फेस शक्य तितका कोरडा ठेवा. छिद्रांखाली हवा खेळवणारा पंखा किंवा तापवणारी तार असू शकते, आणि प्रवाशाच्या सीटखाली अनेक गाड्यांत बसलेल्या माणसाचे वजन ओळखणारा सेन्सर असतो. तिथे पाणी मुरवण्याचे काही कारण नाही. छिद्रांत क्लीनर वाळून पांढरे ठिपके राहिलेच, तर लाकडी काडीच्या टोकाने एकेक काढावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, मी ते अनेक दुपारी केले आहे.

चर्मकसब

फेसवाला यांनी कृती उत्तम सांगितली आहे. मी चामडे कमावण्याच्या उद्योगात काम केले आहे, त्यामुळे त्यामागची कारणे मांडतो. ती कळली की दुकानातल्या कोणत्या बाटलीवर कितपत विश्वास ठेवावा हे आपोआप ठरवता येते.

कातडे कुजू नये म्हणून ते कमावले जाते. पूर्वी हे काम झाडांच्या सालीतल्या टॅनिनने होत असे आणि त्याला महिने लागत. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा व्यवसाय पालटला. आज गाड्यांसाठी क्रोमने कमावलेले लेदर वापरतात, तसेच ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने कमावलेले, क्रोमविरहित लेदरही वापरतात. दोन्हींचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून अल्कधर्मी साबण, सोडा किंवा अमोनिया असलेली स्वच्छके त्यांना मानवत नाहीत. एकदा-दोनदा पुसल्याने काही बिघडत नाही, पण दर महिन्याला, नीट न धुता, शिवणीत आणि तड्यांत मुरत राहिले तर लेदर ताठर होऊ लागते.

याहून मोठी गोष्ट अशी की आपण सीट पुसतो तेव्हा आपला हात बहुतेक वेळा लेदरला लागतच नाही. गाडीचे लेदर साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचे असते आणि त्यावर रंगद्रव्याचा व पॉलियुरेथेन या लवचीक प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, मिलिमीटरच्या काही शतांशाएवढा. युरोपीय परिभाषेत हा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की त्या मालाला नुसते लेदर म्हणता येत नाही, कोटेड लेदर म्हणावे लागते. म्हणजे आपण जपायचा आहे तो हा कागदाहून पातळ पापुद्रा. केसाएवढ्या ज्या रेषा तुम्हाला दिसत आहेत, त्या बहुधा या पापुद्र्यातच पडल्या आहेत. दर वेळी कड दुमडते तेव्हा रेषेत शिरलेली धूळ पॉलिश कागदासारखी काम करते.

जीन्सचा निळा रंग म्हणजे कापडातून सुटलेली नीळ. ती प्रथम लेपाच्या पृष्ठभागावर बसते आणि ऊब, घाम व दाब मिळाला की हळूहळू लेपात शिरते. आठवड्याभराचा निळेपणा फेसाने जातो. दोन उन्हाळे मुरलेला पुष्कळदा फिका होतो, पण पूर्ण जात नाही. तुमच्या सीटवर लोशनचा तेलकट थर आहे, त्यामुळे काही रंग त्या थरातच अडकला असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर तुमचे नशीब बरे आहे.

निळी_विजार

मी केलेली चूक इतर कोणी करू नये म्हणून लिहितो. माझ्या पांढरट सीटवरचा असाच निळा डाग मी भिंतीवरचे डाग पुसायच्या पांढऱ्या मेलॅमाइन स्पंजाने घासला. दोन मिनिटांत डाग गेला आणि मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिले तेव्हा त्या जागी तळहाताएवढा भाग वेगळाच, खडबडीत आणि कोरडा दिसत होता. तो स्पंज हाताला मऊ लागत असला तरी त्याची बारीक जाळी कठीण असते आणि ती अतिशय बारीक पॉलिश कागदासारखी घासते. डागाबरोबर वरचा लेपही गेला होता. पुढच्या महिन्याभरात त्याच जागी पूर्वीपेक्षा दुप्पट निळे बसले, कारण आता अडवायला काही उरलेच नव्हते.

मग मी तिथे हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर लावून पाहिले. त्यातल्या अल्कोहोलने निळ्याबरोबर पांढरा रंगही कापसावर आला. त्यानंतर मी हात जोडले आणि सीट रंगवून घेतली. बॉलपेनच्या रेघेवरही स्पिरिट लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. रेघ पसरते, लेप मऊ पडतो आणि एका रेघेऐवजी एक निळा ढग पदरी पडतो.

जुनी_मोटार

वरील सर्वांशी सहमत होता होता एका गोष्टीला विरोध नोंदवतो. चामड्याला तेल लागतेच. माझ्याकडे एक जुनी इंग्लिश गाडी आहे आणि तिच्या सीटना मी वर्षातून दोनदा चामड्याचे क्रीम लावतो. कॉनोली या इंग्लंडमधील नामांकित चर्मकारखान्याचे ‘हाइड फूड’ हे क्रीम अशाच सीटसाठी होते. लोशन लावणेच चूक, असा सूर इथे लागतो आहे तो मला पटत नाही. कोरडे चामडे तडकते, हे खोगीर वापरणाऱ्या कोणालाही विचारा.

चर्मकसब

जुनी_मोटार, आपले म्हणणे आपल्या गाडीपुरते योग्य आहे. त्या काळच्या सीटवरचा लेप वेगळ्या प्रकारचा असे, आणि इतक्या वर्षांत त्याला असंख्य बारीक तडे गेलेले असतात. त्यामुळे क्रीमला आत शिरायला वाट मिळते आणि चामड्यातले कमी झालेले तेल काही अंशी भरून निघते. खोगिराला तर पॉलियुरेथेनचा लेप नसतोच. दुसरा_मालक यांच्या सात वर्षांच्या सीटवर तो आहे आणि बहुतांश शाबूत आहे. त्यावर चामड्यासाठी मिळणारे निट्सफूट किंवा मिंक तेल लावले, किंवा घरातले खाद्यतेल चोळले, तर ते वरच्या वर राहते, चिकटते, धूळ ओढते, आणि तड्यांतून आत गेले तर तेवढीच जागा काळवंडते.

आजच्या लेदरसाठी जी कंडिशनर म्हणून विकली जातात त्यांतली चांगली उत्पादने पाण्याच्या आधाराची असतात आणि त्यांचे खरे काम घर्षण कमी करणे व मळाला चिकटू न देणे हे असते. ‘खोलवर पोषण’ वगैरे शब्दांकडे दुर्लक्ष करावे. लेदर ही मेलेली वस्तू आहे, तिला भूक लागत नाही. सिलिकोनच्या चमकदार लोशनाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. त्याने सीट निसरडी होते, आणि पुढे कधी रंग लावायची वेळ आली तर सिलिकोनवर रंग धरत नाही.

दुसरा_मालक

सर्वांचे मनापासून आभार. काल संपूर्ण दुपार या कामात गेली, म्हणून जे आढळले ते कळवतो.

सीटखालच्या भागावर पाण्याचा थेंब दहा मिनिटे तसाच उभा राहिला, म्हणजे लेप आहे. चालकाच्या सीटचा डावा अर्धा भाग आधी केला आणि उजवा मुद्दाम ठेवला, फरक दिसावा म्हणून. पहिल्या फेरीला फेस राखाडी-तपकिरी आणि तेलकट आला, बुडबुडे लगेच बसत होते. तिसऱ्या फेरीला तो पांढराच राहिला. दोन्ही अर्धे शेजारी पाहिल्यावर मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. स्वच्छ भाग फिकट, मंद आणि हाताला कोरडा, जवळजवळ सुती कापडासारखा लागतो. न केलेला भाग पिवळसर आणि चकचकीत. आजवर मी ज्याला सीटचा रंग समजत होतो तो सीटचा रंग नव्हताच. उजवा भाग नंतर पूर्ण केला.

मांडीखालचा निळेपणा सुमारे तीन चतुर्थांश गेला. मात्र दाराकडच्या कडेवर एक अडचण निघाली. मळ गेल्यावर तिथे बोटभर लांबीची एक जागा उघडी पडली. तिथे पाण्याचा थेंब शोषला जातो आणि डाग गडद होतो. बाकीच्या रेषा पूर्वीपेक्षा कमी दिसतात, कारण त्यांतला काळा मळ निघाला. आता ही जागा तशीच ठेवावी, कंडिशनर लावावे, की रंगवून घ्यावी? आणि उरलेल्या सीटवर सिरॅमिक लेप द्यावा असे एका मित्राचे म्हणणे आहे, त्याबद्दलही सांगावे.

फेसवाला

काम छान झाले आहे. बुडबुडे लगेच बसत होते हे तेलकट थराचे लक्षण; ते टिकू लागले म्हणजे तो थर गेला.

उघड्या जागेवर काहीही लावू नका. तिथे तेल किंवा कंडिशनर मुरले तर नंतरचा रंग धरणार नाही. आधीच्या लोशनमध्ये सिलिकोन असेल तर तेही तिथे शिरले असणार, म्हणून रंगवणाऱ्या कारागिराला तुम्ही काय वापरत होता ते आधीच सांगा. तो ती जागा विद्रावकाने साफ करील, बारीक पॉलिश कागदाने कडा समतल करील, तडे असतील तर लवचीक भराव घालील, सीटच्या रंगाशी जुळवलेले रंगद्रव्य पातळ पातळ थरांत चढवील आणि वरून पारदर्शक लेप देईल. बोटभर जागा असतानाच हे काम सोपे असते. पोपडे निघू लागल्यावर संपूर्ण पट्टी बदलावी लागते. तोवर त्या कडेवर घासून उतरू नका: आधी दोन्ही पाय बाहेर ठेवा आणि मग उचलून उठा. मागच्या खिशातली किल्ली आणि जीन्सचे धातूचे रिव्हेट या कडेचे खरे वैरी आहेत.

सिरॅमिक किंवा तत्सम संरक्षक लेपाविषयी माझे मत मध्यम आहे. फिकट सीटवर तो उपयोगी पडतो, कारण नीळ आधी त्यावर बसते आणि सहज पुसली जाते. पण जिथे घर्षण सर्वाधिक, तिथेच तो सर्वांत आधी झिजतो. मागच्या सीटवर वर्षभर टिकेल तो तुमच्या दाराकडच्या कडेवर काही महिन्यांत संपेल, मग बाटलीवर काहीही लिहिलेले असो. तो लावायचाच असेल तर रंगकाम झाल्यानंतर, कारागिराने सांगितलेला वाळण्याचा काळ पूर्ण होऊ देऊन, सीट पुन्हा एकदा स्वच्छ करून लावा. मळावर लावलेला लेप मळच जपून ठेवतो.

यापुढे आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम, पंधरा दिवसांनी नुसत्या ओलसर कापडाने पुसणे आणि तीन-चार महिन्यांनी फेसाची पूर्ण सफाई एवढे पुरेसे आहे. फिकट रंग असल्याने चालकाच्या सीटला थोडे लवकर करावे लागेल.

चर्मकसब

उन्हाविषयी एक भर घालतो, कारण रंग उडणे आणि आकसणे यांचा उगम तिथेच आहे. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून बनवलेली असते आणि ती जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते. बाजूच्या काचा बहुधा साध्या टणक केलेल्या असतात आणि त्यांतून बरेच अतिनील किरण आत येतात. त्यामुळे पुढे सूर्यपडदा लावणे उष्णतेसाठी चांगले असले तरी सीटचा रंग उडतो तो पुष्कळदा बाजूने. गाडी रोज एकाच दिशेने तोंड करून उभी राहत असेल तर अधूनमधून उलटी उभी करा. उन्हात तापलेल्या सीटवर क्लीनर लावू नका. तो पुसण्याआधीच वाळतो आणि कडा उमटतात.

निळी_विजार

मागच्या सीटवर लहान मुलाचे आसन बसवत असाल तर तेही पाहून घ्या. त्याखाली खळगे पडतात, आणि रबरी चटई वर्षभर हलवली नाही तर तिचा डाग उमटू शकतो. दर महिन्याला आसन काढून खालचे झाडून घ्यावे. चटई टाकण्यापूर्वी आसनासोबतची पुस्तिका वाचावी, कारण काही उत्पादक खाली काहीही घालू देत नाहीत. सुरक्षिततेच्याच कारणाने पुढच्या सीटना सर्रास मिळणारी पूर्ण आवरणे घालण्याचा मोह आवरला पाहिजे: अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेतून उघडते, आणि तिथे शिवण सोडलेले, त्याच गाडीसाठी बनवलेले आवरण नसेल तर ती अडते.

दुसरा_मालक

धन्यवाद. सीटच्या पाठीच्या कडेवर ‘एअरबॅग’ असे लिहिलेली पट्टी आहे, ती आजवर मी वाचलीच नव्हती. आवरणाचा विचार सोडला. कारागिराने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली आहे आणि लोशनची बाटली सोबत आणायला सांगितली आहे. तिच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरांत, घटकांमध्ये डायमेथिकोन असे लिहिले आहे.

चर्मकसब

तेच सिलिकोन. बाटली अवश्य घेऊन जा.